‘कोटणीस’ आडनावाचा उगम व अर्थ : एक भाषिक व ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

आडनाव हा समाजाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा दस्तऐवज होय. ताम्रपट, शिलालेख, बखरी व मोडी कागदपत्रे यांचा अभ्यास मोजक्या जाणकारांपुरता मर्यादित असतो. आडनाव मात्र प्रत्येक व्यक्ती जन्मभर बाळगते, रोज लिहिते आणि पुढील पिढीच्या हाती देते. एखादे गाव, एखादा व्यवसाय, एखादे अधिकारपद किंवा एखादा पूर्वज यांची आठवण आडनावात शतकानुशतके टिकून राहते. मात्र ती आठवण जशीच्या तशी राहत नाही. उच्चार झिजतात, अर्थ विसरले जातात आणि विसरलेल्या अर्थाच्या जागी नवे, कानाला पटणारे पण इतिहासाला न पटणारे अर्थ येऊन बसतात.

सोलापूर शहराच्या दृष्टीने ‘कोटणीस’ हे आडनाव विशेष जिव्हाळ्याचे आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला वैद्यकीय साहाय्य देण्यासाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये जे पथक पाठविले, त्यातील पाच डॉक्टरांपैकी ते एक होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र सर्वपरिचित आहे. ज्या आडनावाने ते ओळखले जातात, त्या आडनावाचा अर्थ काय, ते कसे घडले आणि त्यावरून कोणते निष्कर्ष काढता येतात, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. प्रस्तुत लेखात तो करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. ‘कोटणीस’ या शब्दाची घटक-फोड करून प्रत्येक घटकाचे भाषिक मूळ स्पष्ट करणे.
२. ‘-नीस’ प्रत्ययान्त आडनावांच्या समूहात या आडनावाचे स्थान निश्चित करणे.
३. पदवाचक शब्दाचे आडनावात रूपांतर होण्याची ऐतिहासिक प्रक्रिया समजून घेणे.
४. आडनावाचा इतिहासाचे साधन म्हणून उपयोग करताना पाळावयाच्या मर्यादा मांडणे.

आडनावांचे प्रकार : एक तौलनिक दृष्टिक्षेप

जगातील बहुतेक समाजांत आडनावे प्रामुख्याने तीन मार्गांनी तयार झालेली दिसतात. स्थळावरून, व्यवसाय किंवा पदावरून आणि पूर्वजाच्या नावावरून असे हे तीन मार्ग होत.

स्थळावरून आडनाव घेण्याचा एक ठळक नमुना स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क लोकांत आढळतो. बास्क समाजात घराला स्वतःचे नाव असे आणि त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला तेच नाव लागे. ‘एचेबेरिया’ हे तेथील प्रसिद्ध आडनाव ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे या दोन शब्दांपासून बनले आहे. याच शब्दांपासून झालेले दुसरे एक नाव आपल्या चांगल्या परिचयाचे आहे. जुन्या गोव्यातील बॉम जीझस चर्चमध्ये ज्यांचे शव जतन केले आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये नावार प्रांतातील झेवियर येथील गढीत जन्मले. ‘झेवियर’ हे त्या स्थळाचे नाव असून त्याचाही मूळ अर्थ ‘नवे घर’ असाच आहे. एका बास्क घराचे नाव पुढे व्यक्तिनाम झाले, गोव्यात व मुंबईत रुळले, महाविद्यालयांना लागले; परंतु ते उच्चारणाऱ्या फार थोड्या लोकांना त्यातील घर दिसते.

मराठीत स्थळवाचक आडनावांसाठी ‘-कर’ हा प्रत्यय रूढ आहे. या प्रत्ययाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे. सर्व रहिवासी ज्या गावचे असतात, त्या गावात गावाचे नाव ओळख म्हणून निरुपयोगी ठरते. कुटुंब गाव सोडून दुसरीकडे गेले म्हणजे तेथील लोक त्याला मूळ गावाच्या नावाने हाक मारू लागतात. म्हणून ‘सोलापूरकर’ हे आडनाव सोलापूरच्या बाहेर घडण्याचा संभव अधिक असतो. गोव्यातील मंगेशी या गावावरून मास्टर दीनानाथ यांनी ‘मंगेशकर’ हे आडनाव घेतले आणि ते गावाबाहेरच्या रंगभूमीवर गाजले. सोलापुरातील तेलुगू भाषक पद्मशाली समाजात आडनावाला ‘इंटि पेरु’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘घराचे नाव’ असा आहे. बास्क कल्पनेशी त्याचे साम्य सहज ध्यानात येईल. कन्नड भाषक समाजातील ‘हिरेमठ’ हे आडनाव थोरल्या मठाचा निर्देश करते.

दुसरा प्रकार व्यवसाय किंवा पद यांवरून घेतलेल्या आडनावांचा. इंग्रजांतील ‘क्लार्क’ व जर्मनांतील ‘श्रायबर’ ही आडनावे लेखनिकाचा व्यवसाय सांगतात. मराठीतील कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख, पोतदार, मुजुमदार ही सर्व आडनावे याच प्रकारची होत. ‘कोटणीस’ हे आडनावही याच वर्गात मोडते. त्यात ‘कोट’ हा स्थळवाचक शब्द असला तरी ते ‘-कर’प्रमाणे वसतिस्थान सांगत नाही, काम सांगते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल.

‘-नीस’ या उत्तरपदाची व्युत्पत्ती

‘कोटणीस’ या शब्दाचे ‘कोट’ आणि ‘णीस’ असे दोन घटक आहेत. पैकी दुसऱ्या घटकाचे मूळ फारसी भाषेत आहे. फारसीत ‘निविश्तन’ या क्रियापदाचा अर्थ लिहिणे असा असून ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. सुंदर हस्ताक्षर काढणारा तो ‘खुशनवीस’ आणि अर्ज लिहून देणारा तो ‘अर्जनवीस’. मराठीत या ‘नवीस’ शब्दातील ‘व’ दोन स्वरांच्या मध्ये असल्याने हळूहळू लोप पावला आणि ‘नवीस’चे ‘नीस’ झाले. ‘फडणवीस’ या आडनावात हा ‘व’ आजही शिल्लक आहे, तर ‘फडणीस’मध्ये तो गेला आहे. एकाच पदनामाची जुनी व झिजलेली अशी दोन्ही रूपे आडनावांत शेजारी शेजारी नांदताना दिसणे हे अभ्यासकाच्या दृष्टीने मोठे सोयीचे आहे. कारण त्यामुळे रूपांतराची पायरी प्रत्यक्ष दाखविता येते.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. काही आडनावांत ‘नीस’ तर काहींत ‘णीस’ असे का? सबनीस, पोतनीस, पारसनीस, खासनीस, वाकनीस, हशमनीस, जमेनीस, सुरनीस यांत दंत्य ‘न’ आहे. चिटणीस, फडणीस, कोटणीस यांत मूर्धन्य ‘ण’ आहे. दोन्ही गट शेजारी मांडले म्हणजे कारण स्पष्ट होते. ज्या आडनावांच्या पूर्वपदाचा शेवट ‘ट’ किंवा ‘ड’ या मूर्धन्य व्यंजनाने होतो, तेथेच ‘ण’ आला आहे. मराठी उच्चारात ‘कोट’मधील अंत्य ‘अ’ लुप्त होत असल्यामुळे ‘ट’ आणि ‘न’ एकमेकांस भिडतात आणि ‘ट’च्या सान्निध्याने ‘न’चा ‘ण’ होतो. हा संस्कृतातील णत्वविधी नव्हे. तसे असते तर ‘र’ नंतर येणाऱ्या ‘सुरनीस’मध्येही ‘ण’ दिसला असता. शेजारच्या व्यंजनाचा हा साधा परिणाम आहे. ‘कारखानीस’ हे रूप ‘कारखाना’ व ‘नवीस’ यांच्या संयोगातून झाले असून त्यात लागोपाठ येणाऱ्या दोन ‘न’कारांपैकी एक गळाला आहे. लेखनात ‘कोटनीस’ असे रूप आढळले तर ते वेगळे आडनाव समजण्याचे कारण नाही. दोहोंचे मूळ एकच आहे.

‘कोट’ या पूर्वपदाचा अर्थ

मराठीत ‘कोट’ या शब्दाचा अर्थ तट, तटबंदी आणि तटबंदीने वेढलेले ठाणे असा आहे. डोंगरावरील तो गड आणि सपाट भूमीवरील तो भुईकोट, ही आपल्या भाषेतील रूढ विभागणी. मुंबईच्या तटबंदीच्या आतील भागास, म्हणजे आजच्या फोर्ट भागास, एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात ‘कोट’ असेच म्हटले जाई. अक्कलकोट, बागलकोट, राजकोट, पठाणकोट अशा ग्रामनामांत हा शब्द दक्षिणेपासून उत्तरेपर्यंत पसरलेला दिसतो.

संस्कृतात ‘कोट्ट’ हा शब्द किल्ला या अर्थी आढळतो. तथापि द्राविडी भाषांत या शब्दाचा परिवार फार मोठा आहे. कन्नडमध्ये ‘कोटे’, तेलुगूत ‘कोट’, तमिळमध्ये ‘कोट्टै’ असे शब्द याच अर्थाने रोजच्या वापरात आहेत. यामुळे भाषाशास्त्रज्ञ हा शब्द मुळात द्राविडी असून तेथून तो संस्कृतात व इतर भारतीय भाषांत आला असे मानतात.

म्हणजेच ‘कोटणीस’ या चार अक्षरी आडनावात दोन भिन्न भाषाकुलांचा संगम झाला आहे. पूर्वपद द्राविडी परंपरेतील, उत्तरपद इराणी परंपरेतील आणि दोहोंना जोडताना ‘न’चा ‘ण’ करणारी जीभ मराठी. मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा एकाच बाजारपेठेत ऐकू येणाऱ्या सोलापूरच्या वाचकाला हे मिश्रण अपरिचित वाटू नये.

लोकव्युत्पत्तीचा धोकाही येथेच नोंदविला पाहिजे. ‘कोट’ या उच्चाराचे आणखी काही शब्द मराठीत आहेत. अंगात घालावयाचा कोट हा युरोपीय भाषांतून आलेला शब्द आहे. शंभर लक्ष या अर्थाचा ‘कोटि’ हा संस्कृत संख्यावाचक शब्द आहे. विनोदाने केलेली ‘कोटी’ ती निराळीच. उच्चारसाम्यावरून यांपैकी एखादा अर्थ आडनावाला चिकटविणे सोपे असते. परंतु ‘-नीस’ हे पदवाचक उत्तरपद ज्या काळात व ज्या कारभारात वापरले गेले, त्या कारभाराला अनुरूप असा अर्थ एकच आहे. तो म्हणजे कोटाचे, म्हणजे किल्ल्याचे, लेखनकाम पाहणारा.

‘-नीस’ आडनावांचा परिवार

एकाच आडनावाकडे सुटेपणाने पाहिल्यास त्याचा अर्थ अंदाजाचा विषय होतो. त्याच घडणीची आडनावे एकत्र मांडली म्हणजे अंदाजाला आधार मिळतो. ‘-नीस’ आडनावांतील पूर्वपदांचे पुढीलप्रमाणे वर्गीकरण करता येते.

अ) कागदाचा प्रकार सांगणारी : ‘चिटणीस’ म्हणजे चिठ्ठ्या, पत्रे लिहिणारा. ‘फडणीस’ या शब्दाचे मूळ ‘फर्दनवीस’ असे सांगितले जाते; फर्द म्हणजे हिशेबाचा सुटा कागद वा यादी.

आ) हिशेबाचा विषय सांगणारी : ‘जमेनीस’ म्हणजे जमेचा हिशेब लिहिणारा. ‘पोतनीस’ म्हणजे पोत्याचा, अर्थात खजिन्याचा, हिशेब लिहिणारा. ‘हशमनीस’ म्हणजे हशमांची, म्हणजे पायदळाची, नोंद ठेवणारा. ‘कारखानीस’ म्हणजे कोठारे व सामानसुमान यांचा हिशेब ठेवणारा. ‘वाकनीस’, मूळ ‘वाकेनवीस’, म्हणजे घडलेल्या वृत्तान्ताची नोंद करणारा.

इ) भाषा सांगणारी : ‘पारसनीस’ म्हणजे फारसी पत्रव्यवहार लिहिणारा.

ई) कामाचे ठिकाण सांगणारी : ‘कोटणीस’ म्हणजे कोटावरील लेखनाधिकारी.

या वर्गीकरणावरून ‘कोटणीस’चे वेगळेपण दिसून येते. मराठेशाहीतील प्रसिद्ध आठ दरकदारांत दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस यांची गणना होते. त्यांत कोटणीस नाही. शिवकालीन किल्ल्यावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे प्रमुख अधिकारी असत व त्यांच्या जोडीला कारखानीस असे. हवालदाराकडे किल्ल्याचा ताबा, सरनोबताकडे शिबंदी, सबनिसाकडे हजेरी व जमाखर्च आणि कारखानिसाकडे दाणागोटा व दारूगोळा. एकाच्या हाती किल्ला जाऊ नये म्हणून सत्ता अशी विभागलेली होती. तलवार एकाकडे तर लेखणी दुसऱ्याकडे, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते. किल्ल्यावरील लेखणीच्या या कामालाच उद्देशून ‘कोटणीस’ हे नाव, कागदाचा वा खात्याचा निर्देश न करता, थेट किल्ल्याच्या नावाने घडले आहे.

फारसी पद आणि मराठी कारकून

किल्ल्यावरील मराठी लेखनिकाला फारसी पदनाम का मिळावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. बहमनी राज्यात व त्यातून निघालेल्या शाह्यांत दरबाराची भाषा फारसी होती. सोलापूरचा भुईकोट किल्ला बहमनी काळातील असून पुढे विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्यात त्याच्या मालकीवरून दीर्घकाळ संघर्ष चालला. राजघराण्यांतील विवाहांतही सोलापूरच्या किल्ल्याचा प्रश्न आला. किल्ला ज्याच्या हाती जाई त्याचा हवालदार बदले, परंतु जमाखर्च लिहिणारा वर्ग बहुधा स्थानिकच राही. पहिला इब्राहिम आदिलशहा, ज्याची कारकीर्द १५३४ ते १५५८ अशी होती, त्याने महसुली हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्यास आरंभ केला आणि त्यामुळे ब्राह्मण कारकुनांचे महत्त्व वाढले, अशी नोंद इतिहासकार फरिश्ता याने केली आहे. पदनाम फारसी आणि पदावरील माणूस देशी भाषा लिहिणारा, अशी ही स्थिती होती. ‘कोट’ या देशी शब्दाला ‘नवीस’ हा फारसी शब्द जोडला जाणे अशाच वातावरणात शक्य होते.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांची पदनामे संस्कृत केली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती. रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ तयार होऊन फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. मात्र आडनावांवर या भाषाशुद्धीचा परिणाम मर्यादितच झाला. मुजुमदार, डबीर, वाकनीस, सुरनीस ही आडनावे आजही महाराष्ट्रात आहेत. राजाज्ञेने पदाचे नाव बदलता येते. लोकांच्या तोंडी बसलेले घराण्याचे नाव बदलणे त्याहून कठीण असते. ‘चिटणीस’ शब्दाचे तर भाग्य असे की, तो आडनाव म्हणून टिकलाच, शिवाय संस्था, मंडळे व राजकीय पक्ष यांच्या कार्यकारिणीत ‘चिटणीस’ व ‘सरचिटणीस’ या रूपाने पद म्हणूनही जिवंत आहे.

पदाचे आडनाव कसे होते?

पद हे एका व्यक्तीला मिळते, आडनाव मात्र घराण्याचे असते. या दोहोंतील अंतर वंशपरंपरागत अधिकारामुळे भरून निघाले. मराठेशाहीत दरकाची पदे सामान्यतः पित्याकडून पुत्राकडे जात. तीन-चार पिढ्या एकच काम एका घराकडे राहिले म्हणजे लोक त्या घराला कामाच्या नावाने ओळखू लागत आणि मूळ आडनाव मागे पडे.

याची दोन उदाहरणे सर्वश्रुत आहेत. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचे मूळ आडनाव चित्रे होते; त्यांचे वंशज चिटणीस म्हणून प्रसिद्ध झाले. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे नाव बाळाजी जनार्दन व घराण्याचे मूळ आडनाव भानू. पेशव्यांच्या फडणिशीचे काम त्यांच्या घराण्याकडे असल्याने १८०० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही आणि त्यानंतरही लोक त्यांना फडणवीस म्हणूनच ओळखत राहिले. स्वतः पेशव्यांचेही मूळ आडनाव भट होते.

या उदाहरणांवरून एक महत्त्वाचे तत्त्व हाती येते. पदवाचक आडनावाच्या मागे बहुतेक वेळा आणखी एक, जुने, झाकले गेलेले आडनाव असते. म्हणून ‘कोटणीस’ या आडनावाचा शोध म्हणजे एका घराण्याच्या आरंभाचा शोध नव्हे. त्या घराण्याच्या आयुष्यातील एका टप्प्याचा शोध होय. त्या टप्प्याच्या मागे जावयाचे असेल तर वंशावळी, कुलदैवत, सनदा व इनामपत्रे, तसेच तीर्थक्षेत्रांतील उपाध्यांच्या वह्या यांचा आधार घ्यावा लागतो.

पुढे इंग्रजी अमदानीत आडनावाला स्थैर्य आले. जुन्या मराठी कागदपत्रांत व्यक्तीचा उल्लेख ‘अमुक बिन अमुक’ असा, म्हणजे पित्याच्या नावाने, वारंवार येतो. शाळेचे दाखले, जमीन मोजणीची कागदपत्रे, न्यायालये व नोकरीची पुस्तके यांनी स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तीन पदांची पद्धत पक्की केली. पद संपले तरी त्या क्षणी जे नाव कागदावर चढले तेच कायम झाले. सोलापूरचा किल्ला मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्याच वर्षी पेशवाई संपली. किल्ल्यांवरील सबनिशी, कारखानिशी यांना पुढे अर्थ उरला नाही. आडनावे मात्र उरली.

आडनाव काय सांगते आणि काय सांगत नाही

महाविद्यालयांत कुटुंबाचा इतिहास, ग्रामनामे, आडनावे यांवर विद्यार्थ्यांकडून प्रकल्प करून घेतले जातात. ही प्रथा स्वागतार्ह आहे. तथापि आडनावावरून घाईने काढलेले निष्कर्ष केवळ शास्त्रीयदृष्ट्या चूक ठरत नाहीत, तर सामाजिकदृष्ट्याही अपायकारक ठरू शकतात. नवा विद्यार्थी वर्गात येताच त्याच्या आडनावावरून जात ओळखण्याची सवय आपल्या समाजात किती खोल आहे, हे अध्यापकांना सांगावयास नको. पदवाचक आडनावांचा अभ्यास या सवयीस छेद देतो.

पाटील, देशमुख, इनामदार ही आडनावे महाराष्ट्रात अनेक जातींत आहेत आणि मुस्लिम समाजातही आहेत. सोलापूर जिल्ह्यात मराठा पाटील, लिंगायत पाटील व मुस्लिम पाटील असे तिन्ही भेटतात. त्यांच्यात समान आहे ती गावची पाटिलकी. रक्ताचे नाते नव्हे. हीच गोष्ट प्रांताच्या सीमा ओलांडूनही दिसते. महाराष्ट्रात ‘मुजुमदार’ तसे बंगालमध्ये ‘मजुमदार’. मराठीत ‘खासनीस’ तसे बंगालीत ‘खासनबीश’. या साम्यावरून बंगाली व मराठी कुटुंबांचा एक पूर्वज मानणे हास्यास्पद ठरेल. दोन्हीकडे फारसी पद्धतीचा कारभार होता आणि दोन्हीकडे तीच पदे होती, एवढाच त्याचा अर्थ. त्याचप्रमाणे सांगलीत कीर्तनकार म्हणून विख्यात झालेले कोटणीस महाराज आणि सोलापुरात जन्मलेले डॉ. कोटणीस यांचे आडनाव एक आहे म्हणून त्यांचे घराणे एक ठरत नाही. प्रत्येक कोटावर लेखनिक असे. म्हणून हे आडनाव परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक घराण्यांत स्वतंत्रपणे उत्पन्न होऊ शकते.

याच न्यायाने आणखी एक मोह टाळावयास हवा. सोलापुरात भुईकोट आहे, डॉ. कोटणीस सोलापुरात जन्मले, तेव्हा त्यांचे पूर्वज याच किल्ल्याचे कोटणीस असावेत, ही मांडणी ऐकावयास गोड वाटते. परंतु तीत दोन भिन्न काळ एकत्र गुंफले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापड गिरण्या सुरू झाल्यावर सोलापूर हे दूरदूरच्या कुटुंबांना सामावून घेणारे शहर बनले. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे झालेला जन्म हा त्या शहराच्या इतिहासाचा भाग आहे. आडनाव हे त्याच्या पुष्कळ आधीच्या कारभाराचा अवशेष आहे. ‘कोटणीस’ शब्दातील कोट कोणता, हे आडनाव सांगत नाही. ते केवळ कामाचा प्रकार सांगते. किल्ल्याचे नाव सिद्ध करावयाचे तर त्या नावाचा लेखी पुरावाच हवा.

सीमेपलीकडे गेलेले आडनाव

आडनावाचा अर्थ भाषेच्या आश्रयाने जगतो, याचा प्रत्यय डॉ. कोटणीस यांच्याच जीवनात येतो. पथकातील पाचही डॉक्टरांनी चिनी नावे धारण केली व प्रत्येकाच्या नावाचा शेवट ‘हुआ’ या शब्दाने केला. ‘हुआ’ हा चीनचा निर्देश करणारा शब्द आहे. डॉ. कोटणीस ‘के दीहुआ’ झाले. चिनी पद्धतीत आडनाव आधी येते व ते बहुधा एकाक्षरी असते. ‘कोटणीस’ या आडनावाच्या आद्य ध्वनीशी जुळणारे ‘के’ हे चिनी लोकांत पूर्वीपासून प्रचलित असलेले आडनाव त्यांच्या वाट्याला आले. त्यात कोट उरला नाही आणि नवीसही उरला नाही. उरला तो केवळ पहिला ध्वनी. द्राविडी, फारसी व मराठी संस्कार पचविलेला शब्द चौथ्या भाषेच्या दारात एका अक्षरावर आला.

तरीही हे एकाक्षरी आडनाव चीनमध्ये आदराचे झाले. १९४१ मध्ये डॉ. कोटणीस बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी तेथील परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. १९४२ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. ज्या घराण्याचे आडनाव दोन भाषांच्या जोडणीतून झाले, त्यातील मुलाचे नाव दोन देशांच्या जोडणीतून व्हावे, हा योगायोग असला तरी नामाभ्यासकाने नोंद घ्यावी असा आहे. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटाने हे आडनाव भारतभर पोचविले. सोलापुरात भैय्या चौक परिसरात त्यांचे स्मारक आहे. आज हे आडनाव उच्चारताच कोणालाही किल्ल्यावरचा जमाखर्च आठवत नाही. रणभूमीवरील शस्त्रक्रिया आठवते. शब्दाचा व्युत्पत्तीने मिळालेला अर्थ आणि माणसाने मिळवून दिलेला अर्थ यांतील हा फरक आहे.

निष्कर्ष

१. ‘कोटणीस’ हे आडनाव पदवाचक असून त्याचा अर्थ ‘कोटावरील, म्हणजे किल्ल्यावरील, लेखनाधिकारी’ असा होतो.
२. त्यातील ‘कोट’ हा शब्द द्राविडी परंपरेतील आणि ‘णीस’ हा फारसी ‘नवीस’ या शब्दापासून झालेला आहे. ‘न’चा ‘ण’ होणे हा पूर्वपदाच्या अंती असलेल्या ‘ट’चा परिणाम असून चिटणीस व फडणीस या आडनावांतही तोच नियम दिसतो.
३. ‘-नीस’ आडनावांच्या समूहात हे आडनाव कागदाचा वा हिशेबाचा विषय न सांगता कामाचे ठिकाण सांगते, हे त्याचे वैशिष्ट्य होय.
४. पदवाचक आडनाव हे मूळ आडनावावर चढलेला नंतरचा थर असतो. त्यावरून जात, वंश किंवा विशिष्ट गाव सिद्ध होत नाही. समान आडनाव हा समान व्यवसायाचा पुरावा आहे, समान रक्ताचा नव्हे.
५. आडनावाचा अभ्यास करताना शब्दाची फोड, समान घडणीच्या आडनावांशी तुलना व लेखी पुरावा या तीन पायऱ्या क्रमाने चढणे आवश्यक आहे. पहिल्या पायरीवरून थेट घराण्याच्या इतिहासात उडी घेणे म्हणजे लोकव्युत्पत्तीला निमंत्रण देणे होय.

समारोप

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, कृ. पां. कुलकर्णी आणि फारसी-मराठी कोशाचे कर्ते माधव जूलियन यांनी मराठी शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी भक्कम साधने निर्माण करून ठेवली आहेत. त्यांच्या आधारे प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या परिसरातील आडनावांचा संग्रह करता येईल. सोलापुरासारख्या बहुभाषिक जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू व इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी एकत्र बसून हे काम केल्यास त्यास खरे आंतरविद्याशाखीय स्वरूप येईल. कारण ‘कोटणीस’ हे एकच आडनाव उलगडण्यासही यांपैकी कोणत्याही एका विषयाचे ज्ञान पुरेसे होत नाही. विद्यार्थ्याने आपले आडनाव लिहिताना त्यामागील जातीऐवजी त्यामागील काम, प्रवास व भाषांचा मेळ शोधावा, ही दृष्टी अशा अभ्यासातून रुजली तर या श्रमाचे सार्थक होईल.